इंग्लंडचे खंदक आणि आमची पांढर

परत आल्यापासून गावात जो भेटतो तो विचारतो, लंडन कसं होतं. लंडन मी पाहिलं ते विमानतळावरून निघताना गाडीच्या काचेतून, आणि तेही अर्ध्या झोपेत. बाकी सगळे दिवस मी गवताने भरलेले खड्डे पाहिले. हे सांगितलं की लोक हसतात. आमच्या भावकीतला एक जण म्हणाला, "खड्डेच पाहाचे होते तं कनेरगाव नाक्यापर्यंत जाऊन यायचं, इमानाचं तिकीट काहून काढलं?" त्याचं काही चुकलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. जे गेले नाहीत त्यांना तिथलं थोडं दिसावं, आणि मी तिथे नक्की काय पाहिलं ते मलाही कळावं. यातलं दुसरं जमेल की नाही, शंका आहे.

निघण्याआधीचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही.

आमचं गाव हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि मी तिथला सरपंच आहे. गावाच्या मधोमध पांढर आहे, म्हणजे जुन्या गढीचा मातीचा उंचवटा. गढी कोणाची होती ते कोणी सांगत नाही. तिच्या भिंती आमच्याच आज्या-पणज्यांनी खणून नेल्या. ती पांढरी माती धाब्याच्या घरांवर टाकायला चांगली, आणि शेतात टाकली की हळद अशी येते की विचारू नये. आता राहिलाय तो उंचवटा आणि त्याच्या तीन बाजूंचा खंदक. पावसाळ्यात तो भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत आटत जातो. फक्त एका कोपऱ्यात, शेजारच्या विहिरीच्या ओलाव्यावर, मे महिन्यातही गुडघाभर पाणी राहतं.

या खंदकात गंगाबाई शिंगाडे लावते. ती भोई समाजाची. सासऱ्यानंतर नवऱ्याने आणि नवऱ्यानंतर तिने हे काम धरलं. पावसाळ्यात छातीभर पाण्यात उतरून वेल लावते, दिवाळीच्या पुढेमागे शिंगाडे काढते, उकडून नाक्यावर आणि हिंगोलीत विकते. उन्हाळ्यात त्या कोपऱ्यातल्या पाण्यात पुढच्या सालाचं बियाणं जगवते. तो कोपरा गेला की तिची शेती गेली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आमचा मंगळवारचा बाजार रस्त्याच्या कडेला भरतो. भाजीवाल्या बायांच्या पाठीवरून ट्रक जातात म्हटलं तरी चालेल. मागे एका ट्रकने टोपल्या चिरडल्या. बाई पाणी प्यायला उठली होती म्हणून वाचली. उपसरपंच किसनराव तेव्हापासून मागे लागले आहेत की खंदक मुरमाने बुजवू आणि बाजार तिथे आत नेऊ. गावात दुसरी सरकारी जागा नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं.

गंगाबाईचंही पटलं होतं. घोटाळा तिथेच झाला. दिवाळीनंतर किसनरावांनी चार माणसं बोलावून मला दस्ती-टोपी केली, म्हणजे मानाचा रुमाल आणि टोपी दिली, आणि मी ती घेतली. आमच्याकडे दस्ती-टोपी घेतली म्हणजे शब्द दिला. त्याच आठवड्यात गंगाबाईने घरी उकडलेल्या शिंगाड्यांची पाटी आणून दिली, "लक्ष असू द्या" म्हणाली, आणि मी "काळजी करू नको" म्हटलं. मग उन्हाळ्यात शीतलचं बोलावणं आलं आणि मी विमानात बसलो. पळून गेलो असं मी तेव्हा कबूल केलं नसतं.

शीतलच्या घरी

शीतल माझी थोरली मुलगी. तिकडे सफोक नावाच्या भागात एका दवाखान्यात नर्स आहे. हेलनबाई नावाच्या निवृत्त मास्तरणीच्या घरात तिने वरची खोली भाड्याने घेतली आहे. बाई साठीच्या पुढच्या, सडपातळ, नेहमी चिखलाचे बूट घालून तयार. शीतल ड्युटीला गेली की मी आणि हेलनबाई असे दोघंच घरात. माझं इंग्रजी बारावीचं आणि त्यांचं इंग्रजी त्यांच्या गावचं. त्या बोलायच्या त्यातलं निम्मं मला कळायचं, आणि कोणतं निम्मं ते कळायचं नाही.

पहिल्या सकाळी त्यांनी विचारलं, चहा घेणार का. मी नको म्हटलं. आपल्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात. पाहुणा नको म्हणतो, घरधनी "घ्या हो, अर्धा कप" म्हणतो, पाहुणा "कशाला तकलीफ" म्हणतो, आणि मग कपबशी पुढे येते. हेलनबाईंनी मान डोलावली, स्वतःपुरता चहा केला आणि माझ्यासमोर बसून निवांत प्यायल्या. मला वाटलं आपलं काही चुकलं. दुसऱ्या दिवशी मी जरा हळू नको म्हटलं. तेच झालं. तिसऱ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं तेव्हा शीतलने विचारलं.

"बाबा, तुमी नको म्हणले का त्यांना?"

"मंग पहिल्या झटक्यात हो म्हणू का?"

"इथं एकदाच विचारतात. नको म्हणजे नको. त्यांना वाटून राहिलं तुमाला चहा आवडत न्हाई."

मला हे नीट पचलं नाही. माणसाच्या तोंडातला पहिला शब्द असा खरा धरायचा म्हणजे अवघडच. पण त्यानंतर मी लगेच हो म्हणू लागलो आणि प्रत्येक वेळी हावरटपणा केल्यासारखं वाटायचं. चहा मात्र पाणचट होता. त्यासाठी तीन दिवस कळ काढली याचं वाईट वाटलं.

जेवणाचं फार सांगत नाही. भाकरीला ज्वारीचं पीठ शीतलने कुठून तरी पैदा केलं होतं. हेलनबाईंनी मिरचीचा ठेचा बोटावर घेऊन चाखला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, फार छान.

खंदक

शीतलने त्यांना कधीतरी आमच्या पांढरीचं सांगितलं होतं. त्यामुळे एका सकाळी, शीतलला सुट्टी होती त्या दिवशी, त्यांनी आम्हा दोघांना गाडीत बसवलं आणि म्हणाल्या, तुमच्या गावासारखं काहीतरी दाखवते. त्या भागात असे खंदक खूप आहेत. काही शतकांपूर्वी तिथला जो कोणी मोठा जमीनदार असे, तो आपल्या घराभोवती चौकोनी खंदक खणून पाणी सोडत असे. मी विचारलं, शत्रू फार होते का. त्या म्हणाल्या, चोर होते, डुकरं होती, आणि शेजाऱ्याने खणला म्हणून आपणही खणायचा हे होतं. हे मला लगेच कळलं.

गाडी एका शेताच्या कडेला लावून आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूंना पिवळं धमक पीक, आपल्या मोहरीच्या नात्यातलं, मैलभर. वाऱ्याला गोडसर उग्र वास. पायवाट कोणाच्या तरी शेतातून जात होती आणि कोणी ओरडत नव्हतं. एक लाकडी पायरी ओलांडून कुरणात उतरलो. मेंढ्या चरत होत्या, अंगावर एवढी लोकर की आपल्या मेंढ्या त्यांच्यापुढे उघड्या वाटाव्यात. हेलनबाई थांबल्या आणि म्हणाल्या, आलो.

मी इकडे तिकडे पाहिलं. भिंत नाही, बुरूज नाही, दगडसुद्धा नाही. झाडांची एक रांग, तिच्या खाली हिरव्या शेवाळाचं पाणी, काळ्या रंगाची एक पाणकोंबडी आणि मधे गवताचा सपाट चौकोन. मला वाटलं गढी पुढे असेल. मी पुढे चालायला लागलो तर त्यांनी दंडाला धरून थांबवलं. हेच ते.

"बाबा, घर मधात होतं," शीतल म्हणाली. "लाकडाचं. गेलं सगळं."

"मंग ह्या दाखवून काय राहिल्या?"

"खंदक."

मी खंदक पाहिला. मनातून मला वाईट वाटत होतं की बाईंनी एवढी गाडी चालवली आणि मला काही दिसत नाही. म्हणून मी दोनदा "सुंदर" म्हटलं.

मग आतल्या चौकोनात गेलो. एका बाजूला जमीन जराशी फुगलेली होती. हेलनबाई म्हणाल्या, इथे घरचं छोटं चर्च होतं. ते ऐकलं आणि मी बूट-मोजे काढले. विचार केलाच नाही. देवाची जागा म्हटलं की हात आपोआप पायाकडे जातो. चार पावलं गेलो आणि पायाला आग लागली. हिरवीगार, हातभर उंचीची पानं होती, आपल्या खाजकुइलीची चुलत बहीणच. मी उड्या मारत परत येत होतो आणि परतीच्या वाटेवरही तीच पानं होती. शीतल तोंडाला ओढणी लावून हसत होती. हेलनबाई मात्र अजिबात हसल्या नाहीत. त्यांनी एक रुंद पान शोधून आणलं, चुरगाळून माझ्या तळपायाला घासायला सांगितलं. थोडा आराम पडला.

नंतर त्यांनी सांगितलं की ही खाजरी झाडं जिथे पूर्वी माणसं राहिली तिथे जास्त येतात, कारण माणसांनी आणि जनावरांनी माती खतावलेली असते. म्हणजे त्यांचीही पांढरच. आमच्याकडे त्या मातीवर धोतरा माजतो. हे मी सांगितलं तेव्हा बाई खूश झाल्या. मग विचारलं, देऊळ उरलेलं नसताना जोडे का काढले? शीतलने भाषांतर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसून मोजे चढवायला लागलो. 

मासे आणि टॉम

खंदकाच्या पलीकडे उतारावर एकाखाली एक असे तीन लांबट खोलगट भाग होते. दोनांत नुसतं लव्हाळं, खालच्यात पाणी. ही माशांची तळी. मोठे झालेले मासे एकात, लहान दुसऱ्यात, असं वेगवेगळं ठेवायचे. त्या काळी त्यांच्या धर्मात शुक्रवारी मांस चालत नसे, आणि वसंताच्या आधी तर कितीतरी दिवस चालत नसे. मासा मात्र चालायचा. म्हणून जमीनदाराच्या घरी उपवासाला ताजा मासा हवा आणि त्यासाठी तळी. गावच्या गरिबाने त्यातला मासा काढला तर त्याला दंड.

उपवासाला मासा हे ऐकून मी थक्क झालो. मी सांगितलं की माझी बायको चतुर्थीला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करते आणि तो शिंगाडा आमच्या खंदकात येतो. हेलनबाईंनी तिथेच टाळी वाजवली. तुमच्या खंदकात अजून उपवासाचं पिकतं, म्हणाल्या, आमचा तर कधीच उपाशी मेला. मग विचारलं, कोण पिकवतं. मी गंगाबाईचं सगळं सांगितलं, पाण्यात कशी उतरते, बियाणं कसं जगवते. सांगताना माझा आवाज असा लागला होता, जणू हे सगळं मीच सांभाळून ठेवलंय. शीतल खाली बघत होती. तिला आईकडून दस्ती-टोपीचं कळलेलं होतं.

तेवढ्यात शेताचा मालक आला. टॉम त्याचं नाव, माझ्याच वयाचा, लाल चेहऱ्याचा, बरोबर म्हातारं कुत्रं. मी खंदकाची स्तुती केली तर तो वैतागला. सरकारी कायद्याने जागा राखीव आहे, नांगर घालता येत नाही, झाड तोडायला परवानगी लागते. खंदकाची एक बाजू त्याच्या बापाने, कायदा यायच्या आधी, दगडमाती टाकून बुजवली होती. म्हणून खंदक तीनच बाजूंना उरला आहे. आमच्यासारखाच. मी विचारलं, तुमच्या हातात असतं तर काय केलं असतं? शीतलने ते इंग्रजीत सांगितलं आणि त्याने बराच वेळ कुत्र्याची मान खाजवली. म्हणाला, सकाळी वाटतं बुजवावा, संध्याकाळी वाटतं राहू द्यावा. आणि तो निघून गेला.

मला त्याच्याकडून काहीतरी पक्कं ऐकायचं होतं. एवढ्या लांब येऊन माझ्यासारखाच माणूस भेटला.

आणि तिथेच, त्या खालच्या तळ्याच्या काठी, किसनरावांचा फोन आला.

"सरपंच, रोडच्या कामाचा उरलेला मुरूम फुकट भेटून राहिला. हायवा खंदकावर उभा हाय. टाकू का?"

हायवा म्हणजे मोठा टिप्पर. मागे त्याच्या इंजिनचा आवाज येत होता.

"गंगाबाईचं बियाणं हाय त्या कोपऱ्यात," मी म्हटलं.

"ते काढून घेईल ना ती."

"ठेवील कुठं?"

"बादलीत ठेवील, हौदात ठेवील. तुमी फक्त हो म्हणा. बाजारच्या बाया रोज इचारतात मले."

ते खोटं नव्हतं. बाया मलाही विचारत होत्या. मी समोरच्या पाण्याकडे पाहत होतो आणि माझे पाय अजून चुरचुरत होते. तोंडातून निघालं, "न्हाई."

 पलीकडे किसनराव हसले.

"बरं बरं. तिकडं बाजूला लोक असतील, मोकळं बोलता येत नसंल. समजलं मले."

"किसनराव, न्हाई म्हणलं मी."

"व्हय हो, समजलं. आमी बराबर करतो सगळं. तुमी फिरा मस्त."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलेनात. हेलनबाई विचारत होत्या, घरी सगळं ठीक ना. मी बायकोला, सुमनला, फोन लावला. सगळं भरभर सांगितलं. ती ऐकून घेत होती.

"तुमी आजवर कोणाला न्हाई म्हणले, म्हणून तुमचं न्हाई कोणाला खरं वाटंल?" ती म्हणाली.

"आता काय करू मंग?"

"तुमी काय करता तिथून. ठेवा फोन."

त्यानंतर तिचा फोन लागेना. हेलनबाईंनी पिशवीतून डबा काढून काकडीचे सँडविच वाटले. मी एक घेतलं आणि हातातच धरून बसलो. त्या काळच्या गरिबाला एका माशासाठी दंड करणारा तो जमीनदार निदान एक बाजू घेऊन होता, असं काहीतरी डोक्यात येत होतं. हे बरोबर नाही हेही कळत होतं.

घरी पोचलो तेव्हा शीतलच्या मोबाईलवर सुमनने फोटो पाठवला होता. खंदकाच्या पूर्वेच्या बाजूला मुरमाचा लाल ढीग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी काठावर, आमच्या घरची बाज. बाजेवर सुमन आणि गंगाबाई पाठीला पाठ लावून बसलेल्या. हायवाचा ड्रायव्हर बाजूला उभा राहून तंबाखू मळत होता.

"आईला डोक्यावर पदर घ्यायचाबी वेळ भेटला न्हाई," शीतल म्हणाली. 

परत

पुढचे दिवस हेलनबाईंनी मला आणखी खंदक दाखवले. एकात बदकं होती, एकात कोणी जुनी सायकल टाकली होती. एक इतका बुजलेला होता की त्या संध्याकाळचं तिरपं ऊन पडायची वाट पाहत थांबल्या, आणि ऊन पडल्यावर गवतात चौकोनी सावली उमटली. ती मला दिसली. आता दिसायला लागलं होतं. पण ते राखायचं कशासाठी, हे मी त्यांना विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, मला माहीत नाही, नाहीसं झालं तर मला वाईट वाटेल एवढंच माहीत आहे.

गावी आलो आणि ग्रामसभा घेतली. मी उभा राहून सांगितलं की उरलेला खंदक बुजवायचा नाही, आणि किसनरावांना मी शब्द दिला होता तो मोडतोय. किसनरावांनी फक्त हात जोडले. मला त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते मला "नमस्कार सरपंचसाहेब" म्हणतात, आधी नुसतं "काय सरपंच" म्हणायचे. भाजी विकणाऱ्या कमळाबाईने मागून विचारलं, "मंग आमी रोडवर मरायचं का?" बुजवलेल्या पट्ट्यावर पाच-सहा जणी बसतील, म्हणालो. बाजारात त्याच्या चौपट बाया असतात. तेवढ्यावरच सभा संपली.

गंगाबाई आभार मानायला आली नाही, आणि ती आली असती तर मला तोंड दाखवता आलं नसतं. पाऊस झाल्यावर मीच गेलो. ती पाण्यात होती, वेल लावत होती. पूर्वेची बाजू गेल्यामुळे या साली लावण कमी, एवढंच म्हणाली. मग हात चालू ठेवून विचारलं,

"तिकडं खंदकात काय लावतात?"

"काही न्हाई लावत."

"मासे?"

"ते पण आता न्हाई."

तिने मान वर केली. "मंग राखला काहून?"

मी हेलनबाईंचं उत्तर तिला सांगून पाहिलं. तिने ते ऐकलं आणि पुन्हा पाण्यात वाकली.

आता मंगळवारी बाजार भरतो तेव्हा मी रस्त्याच्या कडेला, बायांच्या ओळीच्या मागे, लाल कपडा बांधलेली काठी घेऊन उभा राहतो. ट्रक दिसला की काठी हलवतो. काही ट्रकवाले वेग कमी करतात. हे किती दिवस करणार आणि याने काय होणार, मला सांगता येत नाही. मागच्या मंगळवारी ऊन फार होतं म्हणून मी जरा पुढे, कमळाबाईच्या पालाच्या सावलीत सरकलो. ती मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती.

"सरपंच," ती म्हणाली, "तुमी असे मधात उभे राहिले तं गिऱ्हाइकाले माल दिसत न्हाई. सरका तिकडं."

मी सरकलो. सरकायला जागा होती ती रस्त्याच्याच बाजूला.